अग्रनद

मामा त्याला नावानं बोलावत नाही.
"तो," म्हणतो, आणि हनुवटीनं दाखवतो
लोकरीच्या शेडच्या पत्र्यावर, दक्षिणेला.
पांढरा, पण दुधाचा पांढरा नव्हे.
नुकती धार लावलेली कातर
कंदिलाखाली धरली की पात्यावरून जे सरकतं,
ते निळं.

जून महिना. तिएरा देल फुएगो.
पिकअपमधून मी उतरवते पीठ, येर्बा, बॅटऱ्या,
कुत्र्यांसाठी हाडं.
महिन्यातून एकदा मी, बाकीचे दिवस
मामा, सोंब्रा कुत्री, दोन घोडे, अकराशे मेंढ्या
आणि वारा. वाऱ्याची मोजदाद इथं कुणी करत नाही.

मामाचं घड्याळ त्याच्यावर चालतं.
तो पत्र्याला टेकला की जेवण.
कुंपणाच्या कोपऱ्यातल्या वाकड्या लेंगाच्या वर आला
की उठून एक चक्कर,
बर्फात उताणी पडलेली एखादी मेंढी पायावर करायची.
डोक्यावर आला, की चुलीत लाकूड. उजाडेलच.
"मावळतो कधी?"
"बेचाळीस वर्षांत पाहिला नाही."

मी पोर्वेनीरला शाळेत शिकवते, मला राहवत नाही.
सांगते: त्याचं नाव आकेर्नार,
नदीचं टोक.
सूर्याहून कितीतरी तापलेला, म्हणून निळा.
आणि स्वतःभोवती इतक्या वेगानं फिरतो, मामा,
की मधोमध फुगलाय, डोक्या-पायाकडे चपटलाय.
मामा पट्ट्यावरून हात फिरवतो.
"फिरून पोट सुटतं होय?
माझं तर बसून सुटलं."

मग मी ते सांगते जे सांगायला नको होतं:
आज दिसतोय तो उजेड
तिथून निघाला त्याला एकशे चाळीस वर्षं झाली.

मामा बोटांवर मोजतो. हळू मोजतो.
"म्हणजे मेंढ्या आल्या तेव्हा."
"हो. साधारण तेव्हाच."
सोंब्रा दाराशी कान टवकारते, पुन्हा झोपते.

मेंढ्या आल्या तेव्हा या बेटावर शेकोट्या होत्या.
खाडीखाडीला, माळामाळाला, माणसं ग्वानाकोचं कातडं पांघरून
त्यांच्याभोवती बसायची.
मग कुंपणं आली. मग माणसांच्या कानांना
भाव ठरला.
चिलोएहून बोटीनं आलेल्या माझ्या पणज्याच्या हातात
कातर होती की बंदूक,
आमच्या घरात कुणी विचारलं नाही.
मीही नाही. वर्गात तो धडा शिकवताना
मी फळ्याकडे तोंड करून बोलते.

मामा उठतो. तंबाखूचा डबा आणतो.
आत तंबाखू नाही. बाटलीच्या हिरव्या काचेचा
एक तुकडा, बोटाच्या पेराएवढा,
दोन्ही कडांनी बारीक बारीक टवके काढलेला,
टोकाशी अजून धार.
"खांब पुरताना सापडला. खालच्या रानात.
पंधरा वर्षं झाली. बाणाचं टोक."
मालकाला दाखवला नाही. मलाही आजच.

बाहेर जातो आम्ही. बर्फ बुटाखाली करकरतं.
मामा काच दोन बोटांत धरतो, त्याच्यासमोर, एक डोळा मिटून,
सुईत दोरा ओवावा तसा.
"त्यांनी काय नाव ठेवलं होतं याला?"
मला ठाऊक नाही.
पुस्तकात असेल, म्हणते.
आणि त्यांची नातवंडं-पतवंडं आहेत अजून,
रिओ ग्रांदेला, पलीकडे. विचारता येईल.

"विचार," मामा म्हणतो.
"तोवर मी 'तो'च म्हणतो.
दुसऱ्याच्या घरात वस्तूंना आपली नावं देऊ नयेत."

काच डब्यात जाते, डबा खिशात.
खालच्या रानात कुठंतरी एक मेंढी खोकते,
अगदी माणसासारखी,
आणि मामा कंदील न घेताच निघतो.
वर तो अजून लेंगाच्या फांद्यांत अडकलेला.
पुष्कळ रात्र उरलीय.